क्लॉक स्प्रिंग: ऑनलाइन मिळणारी स्वस्त कॉपी घ्यावी का?

हॉर्न मधूनच वाजेनासा होतो, स्टिअरिंगवरची बटणं चालत नाहीत आणि मीटरमध्ये एअरबॅगचा दिवा जळत राहतो. ही तीन लक्षणं एकत्र आली की संशय सरळ क्लॉक स्प्रिंगवर, म्हणजे स्टिअरिंगमागे बसणाऱ्या तारांच्या गोल डबीवर जातो. टोयोटाच्या कॅटलॉगमध्ये तिला स्पायरल केबल म्हणतात, होंडाच्या केबल रील, मारुतीच्या कॉन्टॅक्ट कॉइल. ऑनलाइन शोधलं की बिननावाच्या कॉपींचा ढीग समोर येतो आणि कंपनीच्या काउंटरवर तोच पार्ट त्याच्या कितीतरी पट महाग असतो. आमचं मत आधीच सांगतो: कॉपी घेऊ नका. हॉर्न तिच्यावर वाजेलही, पण एअरबॅगची तारही त्याच डबीतून जाते.

आत असते एक चपटी रिबन केबल, घड्याळाच्या स्प्रिंगसारखी गुंडाळलेली. तिचं एक टोक स्टिअरिंग कॉलमवर स्थिर असतं, दुसरं स्टिअरिंगबरोबर फिरतं. स्टिअरिंगचं चाक एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वळवलं तरी एअरबॅगपर्यंतची जोडणी तुटत नाही, ती या रिबनमुळे. एअरबॅगचं कंट्रोल मॉड्यूल गाडी चालू असताना बारीक करंट सोडून या सर्किटचा रेझिस्टन्स सतत तपासत असतं. इन्फ्लेटरमधल्या, म्हणजे बॅगेत गॅस भरणाऱ्या भागातल्या पेटवणीचा रेझिस्टन्स साधारण २ ते ३ ओहम असतो. टक्कर झाली की मॉड्यूल सुमारे १५ ते २० मिलिसेकंदांत निर्णय घेतं, एक-सव्वा अँपिअरचा झटका देतं आणि पुढच्या ३०-४० मिलिसेकंदांत बॅग भरते. मुळातच दोन-तीन ओहमचं सर्किट असल्यामुळे रिबनच्या टोकाला एखादा कच्चा जोड असला तरी मॉड्यूलच्या ते लक्षात येतं आणि दिवा लागतो. तो दिवा जळत असेल तर बॅग फुगेलच याची खात्री धरता येत नाही.

पार्ट मागवण्याआधी गाडीने नोंदवलेला दोषाचा कोड स्कॅनरने वाचून घ्या. मोबाइलला ब्लूटूथने जोडायचा साधा स्वस्त स्कॅनर बहुधा फक्त इंजिनचे कोड दाखवतो. तुमच्या कंपनीच्या गाडीचं एसआरएस (एअरबॅगची यंत्रणा) वाचणारा स्कॅनर लागतो. कोड ड्रायव्हर इन्फ्लेटरच्या सर्किटचा असेल तरच क्लॉक स्प्रिंगकडे वळा. सीटबेल्टच्या प्रीटेन्शनरचा (टक्कर होताच पट्टा आवळणाऱ्या भागाचा) किंवा साइड एअरबॅगचा असेल, तर आधी सीटखालचे पिवळे कनेक्टर पाहा. सीट पुढेमागे सरकवून किंवा आतून पाणी मारून धुतल्यामुळे ते सैल होतात, गंजतात. तो दोष क्लॉक स्प्रिंग बदलून जाणार नाही.

कॉपी आधीच घेतली असेल तर बसवण्यापूर्वी ती जुन्या पार्टशेजारी ठेवून तपासा. डबी मध्यावर धरून ठेवणारी लॉक पिन किंवा पट्टी जागेवर आहे का? नसेल तर वाटेत ती किती फिरली हे कळायला मार्ग नाही. पिवळ्या कनेक्टरच्या आत बारीक धातूची पट्टी असते. कनेक्टर सुटल्यावर ती दोन्ही पिना एकमेकींना जोडून टाकते, म्हणजे स्थिर विजेने किंवा चुकून आलेल्या करंटने बॅग उडत नाही. जुन्यात ती पट्टी आहे आणि नव्यात नाही, तर तो पार्ट परत करा. या एका दोषानंतर बाकी काही पाहायची गरजच नाही. पट्टी असेल, तर मल्टीमीटरने प्रत्येक तार एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मोजा. आकडा एक ओहमच्या आत हवा आणि डबी हळूहळू फिरवताना तो उडता कामा नये. ही मोजणी सुट्या पार्टवरच करायची. एअरबॅगला मल्टीमीटर कधीच लावायचा नाही, कारण मीटरचा करंटही पेटवणीला पुरू शकतो. ईएसपी (गाडी घसरू न देणारी यंत्रणा) असलेल्या काही गाड्यांत स्टिअरिंग किती वळलं हे मोजणारा अँगल सेन्सर याच डबीला जोडलेला असतो. तिथे पार्ट नंबर तंतोतंत जुळलाच पाहिजे आणि नंतर सेन्सरचं कॅलिब्रेशनही करावं लागतं.

ओरिजिनल पार्टही चुकीचा बसवला तर तुटतो. स्टिअरिंग रॅकच्या कामासाठी शाफ्ट सोडवला आणि तेवढ्यात कुणी चाक गरागरा फिरवलं, की रिबन ताणून तुटते. म्हणून असं काम करताना चाक पट्ट्याने बांधून ठेवावं.

बसवताना पुढची चाकं सरळ करा, इग्निशन बंद करा, बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढून टेप गुंडाळा आणि थांबा. मॉड्यूलमध्ये कपॅसिटर असतो, बॅटरी काढल्यावरही तो काही काळ बॅग उडवू शकतो. टोयोटाचं मॅन्युअल ९० सेकंद सांगतं, होंडाचं ३ मिनिटं. आम्ही १० मिनिटं थांबायला सांगू, घाई करून मिळणार काय? बॉडीच्या उघड्या धातूला हात लावून मग काम सुरू करा. एअरबॅग बहुतेक गाड्यांत टी-३० टॉर्क्स स्क्रूवर किंवा मागच्या भोकातून दाबायच्या स्प्रिंग क्लिपवर बसलेली असते. काढल्यावर तिचं तोंड अंगापासून दूर धरा आणि टेबलावर कव्हर वर करून ठेवा. पालथी ठेवलेली बॅग फुटली तर अख्खं युनिट छताकडे झेपावतं.

स्टिअरिंगचं चाक आणि शाफ्टवर खूण करा. चाकाचा मधला नट पूर्ण न काढता दोन-तीन आटे राहू द्या, म्हणजे झटक्याने सुटलेलं चाक तोंडावर येणार नाही. नवी डबी लॉक काढलेली असेल तर एका बाजूला अलगद शेवटपर्यंत फिरवा, मग साधारण अडीच ते तीन फेऱ्या उलट आणून खुणा जुळवा. नेमकी दिशा आणि फेऱ्या डबीवरच्या स्टिकरवर दिलेल्या असतात. कॉपीवर अनेकदा तो स्टिकरच नसतो किंवा दुसऱ्याच गाडीचा असतो, आणि चुकीच्या मध्यावर बसवलेली रिबन पहिल्याच फुल लॉकला, म्हणजे चाक पार टोकापर्यंत वळवताच तुटते. नट टॉर्क रेंचनेच आवळा.

या कॉपींच्या शेजारीच ‘सिम्युलेटर’ नावाने छोटे रेझिस्टर विकले जातात. ते एअरबॅगच्या जागी सुमारे २ ओहमचा रेझिस्टन्स दाखवून मॉड्यूलला फसवतात. दिवा विझतो आणि बॅग कधीच उडत नाही. हा माल विकणं आणि बसवणं म्हणजे पुढे त्या सीटवर बसणाऱ्याचा घात आहे. जुनी गाडी घेताना इग्निशन चालू करून दिवा पाहा: तो लागला पाहिजे आणि सुमारे ६ सेकंदांनी विझला पाहिजे. लागतच नसेल किंवा इंजिन सुरू होताच ऑइलच्या दिव्याबरोबरच विझत असेल, तर वायरिंगशी छेडछाड झाल्याचा संशय धरा आणि स्टिअरिंग उघडून पाहिल्याशिवाय सौदा करू नका.

बसवून झाल्यावर बॅटरी जोडताना गाडीत कुणी नको. इग्निशन चालू करतानाही बॅगसमोर न बसता, दारातून हात घालून चावी फिरवा. कोड पुसा, चाक दोन्ही बाजूंना फुल लॉकपर्यंत फिरवा, प्रत्येक टोकाला हॉर्न वाजवून पाहा आणि दिवा परत येतो का ते बघा. आतून कागद चुरगळल्यासारखा आवाज आला तर स्टिअरिंग पुन्हा उघडून डबी तपासा.