फिलोडेंड्रॉनच्या भावात मनीप्लांट
नागपूरच्या धरमपेठेतील एका रोपवाटिकेतून मार्चमध्ये फिलोडेंड्रॉन (मनीप्लांटसारखी दिसणारी शोभेची वेल) म्हणून घेतलेले रोप प्रत्यक्षात मनीप्लांट निघाले. फिलोडेंड्रॉनचे नवे पान पातळ आवरणातून बाहेर येते आणि ते आवरण पुढे वाळून गळते. माझ्या रोपाचे पान मात्र आधीच्या पानाच्या देठातून उलगडत होते, शिवाय देठावर पन्हळीसारखी खाच होती. विक्रेत्याने चूक मान्य केली, पण किमतीतला फरक काही परत केला नाही. रोप निरोगी होते, हे मात्र नमूद करायला हवे. 'रोज पाणी घाला' हा त्यांचा सल्ला मी पाळला नाही. वरची माती सुकल्यावरच पाणी दिले आणि नागपूरचा पारा 45 अंशांवर गेला तेव्हा कुंडी कूलरच्या थेट झोतापासून दूर, पूर्वेच्या खिडकीपाशी ठेवली. सध्या वेल खिडकीच्या गजांवर चढते आहे.