‘विंटर बास किट’ आपल्या पाण्यात: शॅड ठेवा, हुक बदला

ऑनलाइन साडेतीनशे रुपयांच्या आसपास मिळणारं हे मासेमारीचं बिनब्रँडचं पाकीट. आत ५ जिग हेड, म्हणजे शिशाचं डोकं असलेले हुक (१० ग्रॅम, ३/० हुक), ४ इंची १० सॉफ्ट शॅड, म्हणजे शेपटी हलणारे रबरी मासे, आणि एक प्लॅस्टिकची डबी. चित्र अमेरिकेतल्या लार्जमाउथ बासचं. तो मासा ना उजनी धरणात आहे ना हिप्परग्याच्या तलावात, त्यामुळे इथे मोजमाप मरळ आणि शिवड्याच्या हिशोबाने केलं आहे. पाचपैकी तीन गुण, आणि तेही सगळे शॅडचे.

आधी पाकिटावरच्या सूचनेचं बघू, कारण जास्त घोळ तिथेच होतो. ‘खोल तळाशी सोडा, जमेल तितकं हळू ओढा’ असं लिहिलंय. थंड देशांत ते बरोबरच आहे. पाणी ४ अंशांना सगळ्यात जड असतं, त्यामुळे वर बर्फ असला तरी तळ त्यातल्या त्यात उबदार राहतो आणि बास तिथे जाऊन बसतो. सोलापुरात जानेवारीत, गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांतही पहाटेचा पारा साधारण १२ ते १६ अंशांवर असतो, आणि पाणी हवेपेक्षा गरम. इथला मासा सुस्तावतो, पण तळ धरून बसत नाही. सकाळी आठला काठ थंड असतो तेव्हा मरळ ढिम्म हलत नाही. अकरा ते तीनच्या दरम्यान उन्हाने तापलेल्या उथळ पाण्यात, काळ्या खडकालगत, वारा न लागणाऱ्या कोपऱ्यात ती सरकते. म्हणजे काम एक ते दीड मीटर पाण्यात, आणि तिथे १० ग्रॅमचं हेड दगडासारखं जाऊन गाळात रुततं. काठासाठी ५ ग्रॅम बस्स. उजनीच्या खोल कडेला, वारं असताना शिवड्यासाठी टाकायचं असेल तरच १० चा उपयोग.

आता शॅड. रबर मऊ आहे, शेपटीच्या आधीचा भाग बारीक आहे, आणि या दोन गोष्टींवरच हिवाळ्यात सगळं अवलंबून असतं. गारठ्यात रबर कडक होतं. जाड मानेच्या स्वस्त शॅडची शेपटी मग सावकाश ओढल्यावर हलतच नाही. हा हलतो. बादलीत गार पाणी घेऊन हाताने हळू फिरवून बघा, लगेच कळतं. पाकिटात दाबून काही शेपट्या वाकलेल्या निघतात. कढत पाण्यात अर्धा मिनिट बुडवा, सरळ करून थेट गार पाण्यात टाका, आकार धरतो. रंगांत पांढरा आणि राखाडी ठेवा, चिलापीच्या पिल्लाच्या जवळ जातात. पोपटी गढूळ पाण्यापुरता. गुलाबी कुणासाठी दिलाय देव जाणे.

बसवताना शॅड हुकशेजारी धरून हुक कुठे बाहेर येईल तिथे नखाने खूण करा. नाकाच्या बरोबर मध्यातून घाला आणि खुणेवरच बाहेर काढा. दोन मिलिमीटर जरी बाजूला गेलं तरी शॅड गरगरतो आणि दोऱ्याला पीळ पडतो. हेडच्या मानेवरचा काटा इथे तोकडा आहे, दोन-तीन चाव्यांत शॅड खाली घसरतो. फेविक्विकचा एक थेंब लावला की टिकतो.

खरी बोंब हुकची. तार बारीक. हुक ताणकाट्याला अडकवून दोरा ओढला तर ३ किलोच्या आसपास त्याचं तोंड उघडायला लागतं. २० पौंडी ब्रेडवर (विणलेल्या दोऱ्यावर) रीळचा ड्रॅग, म्हणजे दोरा सुटू देणारा ब्रेक, सव्वादोन-अडीच किलोला लावला तर चालून जाईल, पण मरळ शेवाळात किंवा बुडालेल्या बाभळीत घुसली की रीळ हाताने दाबून ओढावंच लागतं, आणि तिथे हा हुक सरळ होतो. शिवाय हुकचं टोक उघडं असल्यामुळे बाभळीत दर दुसऱ्या फेकीला अडकणार. यावर उपाय म्हणजे जाड तारेचा ४/० ऑफसेट (मानेशी मोड दिलेला) हुक, पोटाला साडेतीन ते पाच ग्रॅम शिसं, टोक शॅडच्या पाठीत लपवलेलं. लीडर, म्हणजे हुकच्या आधीचा जाड दोरा, ३० ते ४० पौंडी लावा, एक-दीड फूट. शिवड्याचे दात बारीक पण असंख्य. नुसता ब्रेड घासून तुटतो.

टाकल्यावर दोरा ताणलेला ठेवूनच खाली जाऊ द्या, चावा बहुतेक वेळा पडतानाच येतो. मग काठीचं टोक फूटभर उचला, ढील गुंडाळा, तीन ते पाच सेकंद थांबा. हिवाळ्यातला चावा झटका देत नाही. ओलं फडकं अडकल्यासारखं जड लागतं. तिथे जोरात हिसका दिला की शॅड तोंडातून निसटतो. आधी ढील काढा, वजन जाणवलं की काठी बाजूला ओढा. मरळ श्वासाला वर येऊन ‘गुळूक’ करते, पण त्या वर्तुळात टाकू नका. दोन-तीन मीटर पुढे टाकून तिच्या वाटेवर आणा. थंडीत ती श्वासाला उशिरा-उशिरा येते, म्हणून एकदा दिसली की जागा सोडायची घाई करू नये. पावसाळ्यात हमखास चालणारा रबरी बेडूक या दिवसांत दुपारखेरीज बाहेर काढण्यात अर्थ नाही.

डबी मात्र शॅड ठेवायला वापरू नका. रबरातलं तेल डबीचं प्लॅस्टिक खातं, तळ चिकट होतो, आणि वेगवेगळे रंग एकत्र राहिले तर एकमेकांत उतरतात. मूळ पिशवीतच ठेवा. डबीत हुक ठेवायचे तर कोरडे करून, नाहीतर आठवड्यात गंज.

विक्रेता नुसते शॅड सुटे देत असेल तर तेच घ्या, पैसे वाचतील. पूर्ण किट आलंच असेल तर १० ग्रॅमच्या हेडचा हुक पक्कडीने कापा. कडी शाबूत राहते आणि तळाला आमिष लावताना शिसं म्हणून चालतं. आणि जलाशयाचा ठेका ज्या संस्थेकडे असेल तिची परवानगी आधी घ्या, काठावर हुज्जत घालण्यात दुपारचे तेच कामाचे तास जातात.