वाऱ्याचं गणित भाड्याच्या सर्व्हरवर, चार महिने वापरून

आधीच सांगतो, पैसे माझ्याच खिशातून गेलेत, कुणी फुकट दिलेलं नाही. कोल्हापुरात स्ट्रक्चरल डिझाईनचं छोटं ऑफिस आहे माझं, मशीन म्हणजे ८ कोअरचा एक डेस्कटॉप. कावळा नाक्याच्या बाजूला १४ मजली बिल्डिंगचं काम आलं, आकार एलसारखा, टेरेसवर सोलर, कोपऱ्यातल्या फ्लॅटना काचेची रेलिंग. आयएस ८७५ भाग ३, म्हणजे बिल्डिंगवर वाऱ्याचा लोड किती धरायचा ते सांगणारा भारतीय कोड, त्यातले तक्ते सरळ चौकोनी बिल्डिंगला झकास चालतात पण एलच्या आतल्या कोपऱ्यात वारा घुसून काय दंगा करतो ते त्यातनं काढायचं म्हणजे अंदाजपंचेच. विंड टनेलचा, म्हणजे बिल्डिंगचं छोटं मॉडेल बोगद्यात ठेवून वारा सोडून बघायचा खर्च ऐकून आमचे बिल्डर आण्णा गप्पच बसले. मग ही ऑनलाइन सर्व्हिस घेतली, मॉडेल अपलोड करा आणि त्यांच्या सर्व्हरवर सीएफडी, म्हणजे वारा कसा वाहतो त्याचं कॉम्प्युटरवरचं गणित, चालवा. नाव टाकत नाही, कारण खाली शिव्या पण आहेत.

भारी काय ते आधी. कोडातला बेसिक विंड स्पीड म्हणजे ३ सेकंदाचा झोत, १० मीटर उंचीवर, ५० वर्षांतनं एकदा येईल असा. पुण्याला ३९ मीटर प्रति सेकंद, मुंबईला ४४. आकडा एक, पण वारा काय एक असतो होय? आमच्या साईटच्या एका अंगाला अजून ऊस आहे, दहा फूट वाढलेला असतो तेव्हा जमिनीलगतचा वारा अडतो, तोड झाली की तेच रान मोकळं, आणि पाच-सात वर्षांत तिथं प्लॉट पडून बिल्डिंगा होणार हे तर ठरलेलंच. मग टेरेन कॅटेगरी, म्हणजे आजूबाजूची जमीन किती मोकळी त्याचा कोडातला प्रकार, कुठली धरायची? आणि दाब स्पीडच्या वर्गात वाढतो, म्हणजे स्पीडमध्ये १० टक्के चुकलो तर दाबात २१ टक्के.

म्हणून १६ दिशा आणि ३ प्रकारची जमीन, असे ४८ रन लावले. माझ्या डेस्कटॉपवर एका रनला १२ तास लागत होते, म्हणजे २४ दिवस, तेही लाईट गेली नाही तर. यांच्याकडं ६४ कोअरवर दीड तासात एक, सहा-सहा एकदम सोडले, संध्याकाळी लावले आणि सकाळी चहाच्या आत तयार. १९९१ ला पुण्यात सी-डॅक या सरकारी संस्थेनं परम ८००० हा सुपरकॉम्प्युटर केला तेव्हा केवढं कौतुक झालेलं, आता कोअर तासावर मिळतात, टेम्पोसारखे. बिल ५ रुपये कोअर-तासानं २३,०४० झालं.

खरी किंमत वसूल झाली ती पुढच्या टूलमध्ये. ४८ उत्तरांवरनं ते एक हलकं मॉडेल बसवतं आणि मग त्यावर दिशा आणि जमिनीची हजारो कॉम्बिनेशन फिरवतं, कारण प्रत्येक कॉम्बिनेशनला खरा रन लावायचा म्हटलं तर चूक निम्मी करायला चौपट रन लागतात, कुणाला परवडणार. हातात येतो तो एक आकडा नाही, पट्टा येतो, इथपासून इथपर्यंत. आम्हाला सगळ्यात वाईट वारा समोरनं येणारा वाटत होता, निघाला तिरका. टेरेसच्या कोपऱ्यावर तिरका वारा आला की कडेनं दोन भोवरे सुटतात आणि पॅनेल वर ओढतात. वळवात शेडचा पत्रा उडतो तो कोपऱ्यातलाच आधी, हे बघितलंय सगळ्यांनी, पण किती ओढतो ते पहिल्यांदा कळलं. पॅनेलची कोपऱ्यातली रांग दोन मीटर आत घेतली. आण्णांना रंगीत चित्रं दाखवली तर म्हणाले, "साहेब, हे टीव्हीवरच्या हवामानागत दिसतंय, पॅनेल कमी बसणार का तेवढं सांगा." चार कमी बसले.

आता शिव्या. एक, डिफॉल्ट सेटिंगला वारा जमिनीपासून टोकापर्यंत एकाच स्पीडनं येतो! उंचीप्रमाणं वाढणारा प्रोफाईल आपण हातानं टाकायचा, आणि हे कुठं ठळक लिहिलेलं नाही. नवीन पोरगं असतं तर तसंच रिपोर्ट करून मोकळं झालं असतं. दोन, एक रन रात्री फुटला, आकडे आभाळाला भिडले, तरी ११ तास मीटर चालू. ३५२० रुपये गेले. सपोर्टला लिहिलं तर तिसऱ्या दिवशी उत्तर, "मेश तपासा", म्हणजे गणितासाठी हवेचे जे बारीक चौकोन पाडतात ते. अरे मेश तपासतो की, पण फुटलेला रन थांबवायचं एक बटण द्या ना!

तीन, जाहिरातीत झोतांचा अभ्यास म्हणतात, पण या किमतीत मिळतो तो सरासरी वारा. झोत खरेच बघायचे तर लार्ज एडी सिम्युलेशन, म्हणजे मोठे भोवरे क्षणाक्षणाला मोजणारं जड गणित लागतं आणि त्याचं कोटेशन बघून मी पण आण्णांसारखा गप्प बसलो.

कोडापेक्षा कमी लोड मी कुठंही धरलेला नाही, कॅल्क्युलेशन कोडाचंच दिलंय. जिथं पट्टा कोडाच्या वर गेला तिथं काच आणि अँकर वाढवले, बास.

५ पैकी साडेतीन. थोडं क्रेडिट शिल्लक आहे, शेजारच्या प्लॉटवर परवा पत्रे मारलेत, तिथं पण टॉवर येतोय म्हणे, तो मॉडेलमध्ये टाकून परत आठ दिशा लावणार आहे. यावेळी जागा राहून.