शुभंकर म्हणून सरस कोण, अप्पू की शेरा?

दोन्ही शुभंकर दिल्लीचेच. अप्पू हा १९८२ च्या आशियाई स्पर्धांचा हत्ती, शेरा २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांचा वाघ.

मराठवाड्यातल्या माणसाला हत्तीचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. वेरूळच्या कैलास लेण्यात जोत्याला हत्ती ओळीनं उभे आहेत, सगळं मंदिर पाठीवर घेतल्यासारखे. कित्येकांच्या सोंडा तुटल्यात, पण पाय रोवलेलेच. हत्तीची ताकद मिरवायची नसते, पेलायची असते. त्यात गणपतीमुळे तो घरचाच. अप्पू तर पिल्लू, म्हणजे ताकद आहे पण धाक नाही. पाहुण्यांच्या स्वागताला याहून बरा कोण? पुढे १९८४ साली दिल्लीत ‘अप्पू घर’ उभं राहिलं आणि नाव पोराटोरांच्या तोंडी बसलं.

शेरा म्हणजे खेळाडूच्या पोशाखातला वाघ. वेग, जिद्द, झेप. शिवाय राष्ट्रीय प्राणी. मैदानाला शोभतोच. पण १९८८ च्या सोल ऑलिंपिकचा होडोरीही वाघच होता, आणि त्याच्या डोक्यावर लांब फितीची पारंपरिक कोरियन टोपी होती. तो कुठला, हे विचारावं लागत नव्हतं. शेराच्या अंगावर तशी दिल्लीची खूण मला तरी दिसत नाही.

माझं मत अप्पूलाच. मात्र २०१९ साली विदर्भातल्या टिपेश्वर अभयारण्यातून निघून, हिंगोली जिल्हा ओलांडून ज्ञानगंगा अभयारण्यात पोचलेला, हजारावर किलोमीटर चाललेला वाघ कुणी शुभंकर केला, तर मी फेरविचार करीन. मॅरेथॉनसाठी तर तोच हवा.