चिखलदऱ्याची गर्दी नको असेल तर कोलकासला जा (फॅमिलीसकट राहून आल्यावरचा रिव्ह्यू)

कोलकास म्हणजे मेळघाटच्या जंगलातलं, सिपना नदीकाठचं वन विभागाचं रेस्ट हाऊस. पाचपैकी साडेचार स्टार. अर्धा काहून कापला ते खाली सांगतो.

आम्ही अमरावती जिल्ह्यातल्या अंजनगावकडचे. वावरात उभं राह्यलं की उत्तरेला मेळघाटचे डोंगर दिसतात, त्यामुळे फॅमिली घेऊन कुठं जायचं म्हटलं की आमच्याकडं चिखलदरा ठरलेलाच असते. चिखलदरा वाईट नाही, हे आधीच सांगतो. गाविलगड, भीमकुंड, देवी पॉइंट, पंचबोल, सगळं पाहण्यासारखं आहे, महाराष्ट्रात कॉफीचे मळे पाहायचे तर तिथंच जावं लागते. पण पावसाळ्यातला रविवार, पंधरा ऑगस्ट नाहीतर एकतीस डिसेंबर पकडून म्हातारं माणूस अन लहान लेकरं घेऊन गेलं की त्यांचे निव्वळ हाल होतात. घाटात गाड्यांची लाइन, पॉइंटवर गाडी लावायला जागा नाही, बायांना बाथरूमसाठी कुठं थांबावं कळत नाही. मागच्या खेपेला एका हॉटेलात (नाव नाही घेत) बुक केलेली रूम दुसऱ्यालाच देऊन टाकलेली, आम्हाला मागच्या बाजूची बिनखिडकीची दिली, भाडं तेवढंच, अन खाली मध्यरात्र उलटून गेली तरी डीजे सुरू. माय पलंगावर भिंतीला टेकून बसूनच राह्यली. तेव्हाच ठरवलं का डोंगर हाच, पण जागा दुसरी.

म्हणून यंदा संत्र्याचा अंबिया बहार तुटून गेल्यावर हिवाळ्यात कोलकास केलं. परतवाड्याहून धारणी रोडनं निघायचं, घटांगला चिखलदऱ्याकडं जाणारा फाटा लागते तो सोडून सेमाडोहकडं जायचं. त्या फाट्यावर फरक लगेच दिसते, समोरच्या दहा गाड्यांतल्या बहुतेक तिकडं वळतात अन तुमच्या रस्त्यावर दोन्ही बाजूनं फक्त सागवान उरते. सेमाडोहच्या पुढं कोलकास. वळणं लय आहेत, ज्यांना गाडी लागते त्यांनी घटांगच्या आधीच गोळी घेऊन ठेवा.

कोलकासचं रेस्ट हाऊस वन विभागाचं आहे, बुकिंग ऑनलाइन होते. जागा अशी निवडलेली आहे का काय सांगू, उंचावर रेस्ट हाऊस अन खाली सिपना नदी वळण घेऊन जाते, व्हरांड्यात खुर्ची टाकली की ते पूर्ण वळण समोर. सिपना, खापरा, खंडू, गाडगा, डोलार, मेळघाटच्या ह्या सगळ्या नद्या शेवटी तापीला मिळतात. आम्ही पडलो खारपाणपट्ट्याला (जमिनीतलं पाणीच खारं असलेल्या भागाला) लागून राहणारी माणसं, अर्ध्या सोयऱ्यांकडं विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही, त्यामुळे डिसेंबरात अशी वाहती नदी दिसली की घरचे सगळे आधी पाणीच पाहत बसतात. बाबा सकाळी उठले तर मफलर गुंडाळून चहाचा कप घेऊन तिथंच बसलेले, खाली दगडावर एक धोबी पक्षी शेपूट हालवत फिरत होता अन पलीकडच्या काठावर चितळं पाण्यावर आलेली, त्यांनी आम्हाला कोणालाच हाक मारली नाही, बोटानं खूण करून नातवाला तेवढं जवळ बोलावलं. घरी दिवसभर पोट्ट्याच्या हातात मोबाइल असते, इथं आमच्या फोनला रेंजच नव्हती, त्यामुळे आजोबा अन नातू दोघंही तिथून उठायचं नाव घेत नव्हते.

मला ह्याच्यातच खरी किंमत वाटते. चिखलदऱ्यात आपण पॉइंट मोजत पळतो, गाडीत बसा, उतरा, फोटो काढा, परत बसा. मायचे गुडघे दोन पॉइंटातच बोलायला लागतात, मग ती गाडीत बसून राह्यते अन बाकीचे फिरून येतात, म्हणजे फॅमिली ट्रिप म्हणायची अन घरातलं सगळ्यात मोठं माणूस गाडीत. कोलकासला पाहायला जायचं असं फार काही नाही, म्हणूनच सगळे एका जागी राहतात. दुपारी मायनं सूनबाईला जुन्या गोष्टी सांगितल्या, माझ्या जन्माच्या आधीच्या, मीबी पहिल्यांदाच ऐकल्या.

वाघाचं मात्र स्पष्ट सांगतो. मेळघाट १९७३-७४ सालचा, देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांतला एक, पण जंगल दाट अन डोंगराळ असल्यानं वाघ सहज दिसत नाही. फक्त वाघासाठी जायचं तर ताडोब्याला जा. इथं गवा, सांबर, भेकर, अस्वल, अन पक्ष्यांचा नाद असेल तर रानपिंगळा, म्हणजे एक लहान घुबड. हा पिंगळा १८८४ नंतर शंभरावर वर्षं कोणालाच दिसला नव्हता, १९९७ ला नंदुरबारकडं पुन्हा सापडला अन नंतर मेळघाटातबी आढळला. आम्हाला दिसला नाही, पण पोट्टे दोन दिवस प्रत्येक वाळक्या फांदीकडं पाहत होते. सेमाडोहला निसर्ग माहिती केंद्र आहे, लेकरांना तिथं जरूर न्या, सफारीचीबी चौकशी तिथंच करा. कोलकासला वन विभागाच्या हत्तिणी आहेत, पण हत्ती सफारी त्या दिवसांत सुरू आहे का ते निघायच्या आधीच विचारून घ्या, नाहीतर लेकरं रुसतात.

आता तो अर्धा स्टार. कोलकास चिखलदऱ्यासारखं उंचावर नाही, नदीच्या खोऱ्यात आहे. चिखलदरा साडेतीन हजार फुटांच्या वर, म्हणून मे महिन्यात तिथं थंडावा मिळते, इथं नाही मिळत. मार्च-एप्रिलात साग पानं टाकते, जंगल उघडं पडते अन ऊन आपल्या गावासारखंच लागते. पावसाळ्यात जंगलातलं पर्यटन बऱ्यापैकी बंद असते. म्हणजे दिवाळीनंतर फेब्रुवारीपर्यंतचाच सीझन धरा. ज्यांना संध्याकाळी मार्केट, चाट, शॉपिंग लागते त्यांनीबी इथं येऊ नये, त्यांना करमणार नाही अन ते दुसऱ्यालाबी करमू देणार नाहीत.

जाणाऱ्यांसाठी: पेट्रोल, बीपी-शुगरच्या गोळ्या अन कॅश परतवाड्यातच घ्या. जेवणाचं पोचल्याबरोबर सांगून टाका, ऐनवेळी मागितलं तर कुठून आणतील बिचारे. स्वेटर-कानटोपी पाहिजेच, नदीकाठची थंडी पहाटे हाडात जाते. अंधार पडायच्या आत पोचा, रात्री कंपाउंडच्या बाहेर पाय टाकू नका, गाणे वाजवू नका, अन कुरकुऱ्याचे रॅपर खिशात घालून परत आणा. रस्त्यावरच्या कोरकू गावांत लोकांचे न विचारता फोटो काढू नका, त्यांच्या घराच्या भिंती लय सुंदर लिपलेल्या असतात, आवडल्या तर तसं तोंडानं सांगा. वापस येताना खवा घ्यायला विसरू नका, ह्या डोंगरातल्या गवळ्यांचा खवा नावाजलेला आहे, आमच्या घरी त्याचे गुलाबजाम झाले अन शेजारी वाटीभर गेले तर तेबी आता कोलकासचं बुकिंग कसं करायचं विचारून राह्यले.