रास्पबेरी पायवरचा कन्सोल सर्व्हर: एक पावसाळा काढल्यानंतर

सोळा पोर्टांच्या तयार कन्सोल सर्व्हरचं (राउटर-सर्व्हरच्या सिरीयल पोर्टवर दुरून शिरू देणाऱ्या यंत्राचं) कोटेशन पाहून हात आखडता घेतला, म्हणून रॅकमध्ये हा जुगाड बसला: रास्पबेरी पाय ३ (छोटा संगणक), पॉवर्ड हब, चार यूएसबी-सिरीयल केबली आणि सर-टू-नेट (सिरीयल पोर्ट नेटवर्कवर आणणारा प्रोग्राम). पलीकडे दोन राउटर, एक स्विच, एक लिनक्स सर्व्हर. पायबद्दल काही तक्रार नाही. ९६०० बॉड (सिरीयल जोडणीचा वेग) म्हणजे सेकंदाला ९६० अक्षरं, एवढ्याने त्याला घामही फुटत नाही.

तक्रार केबलींची आहे.

स्वस्तातल्या केबलींमध्ये बहुधा सीएच३४० चिप असते आणि तिच्यात सिरीयल नंबर नसतो. चार केबली लावल्या तरी लिनक्सला चारही सारख्याच दिसतात. वीज जाऊन आली की ज्या क्रमाने सापडतील त्या क्रमाने नावं मिळतात. काल टीटीवाययूएसबी० या नावावर राउटर होता, आज तिथे स्विच. सर-टू-नेटचा पोर्ट २००१ म्हणजे राउटर असं धरून कुणी रीलोड (रीस्टार्ट) दिला तर अख्खा मजला नेटवर्कविना. चिपच्या नंबरावरून नावं ठेवणाऱ्या बाय-आयडी फोल्डरचाही उपयोग नाही, कारण तिथे चौघींचं नाव एकच. बाय-पाथ वापरलं तर नाव यूएसबीच्या खोबणीला चिकटतं. हे चालतं, पण धूळ पुसायला आलेल्या माणसाने केबल शेजारच्या खोबणीत घातली की पुन्हा तेच. म्हणून हबवर आणि केबलच्या दोन्ही टोकांना लेबल हवंच.

एफटी२३२आर चिपच्या केबलीत स्वतःचा नंबर असतो. कुठेही खोचा, बाय-आयडीतलं नाव बदलत नाही. किंमत दुप्पट-तिप्पट पडते आणि बाजारात नकली माल भरपूर, त्यात कैक चिपांचा नंबर एकच. माल हातात आला की दोन केबली एकदम लावा आणि बाय-आयडीत दोन वेगळी नावं येतात का ते बघा. नाही आली तर त्याच दिवशी परत करा, परताव्याची मुदत संपेपर्यंत थांबू नका.

(पायऐवजी उबंटू २२.०४ चा छोटा पीसी लावणाऱ्यांसाठी: सीएच३४० केबल लावताच पोर्ट गायब झाला तर बीआरएलटीटीवाय हे ब्रेल डिस्प्लेचं पॅकेज तो बळकावतं. ब्रेल वापरत नसाल तर काढून टाका.)

जोडणीत नेहमी अडतं ते असं. कचरा अक्षरं दिसली तर बॉड चुकलाय: राउटर ९६००, लिनक्स सर्व्हर बहुधा १,१५,२००. मजकूर दिसतो पण टाइप केलेलं पोचत नाही, तर मिनिकॉम या टर्मिनल प्रोग्राममध्ये हार्डवेअर फ्लो कंट्रोल (तारेवरच्या इशाऱ्याशिवाय न पाठवणं) चालू आहे. कंट्रोल-ए, मग ओ, सिरीयल पोर्ट सेटअपमध्ये एफ दाबून बंद करा. सर्व्हरच्या नऊ पिनांच्या पोर्टवर काहीच येत नसेल तर मध्ये नल-मोडेम (पाठवायची आणि घ्यायची तार उलटवणारा जोड) घातलाय का बघा. निळी आरजे४५ केबल सिस्कोच्या पिनरचनेची असते, दुसऱ्या कंपनीच्या खोबणीत ती बसते, पण चालेलच असं नाही.

लिनक्सच्या बाजूला कर्नलला कन्सोल म्हणून टीटीवायएस० (पहिला सिरीयल पोर्ट) द्यावा लागतो. एकाहून जास्त कन्सोल दिले तर शेवटचा मुख्य ठरतो, म्हणून सिरीयल शेवटी लिहा. सिस्टमडी (लिनक्समध्ये सेवा सुरू करणारा प्रोग्राम) त्यावर लॉगिन आपोआप उभं करतं. ग्रब या बूटलोडरचा मेनू मात्र वेगळा सांगितल्याशिवाय सिरीयलवर येत नाही.

आता सर-टू-नेटबद्दल. पहिले दोन महिने याला पूर्ण गुण दिले असते. वायएएमएल सेटिंग फाइलीत चार ओळी लिहिल्या की पोर्ट नेटवर्कवर. पण ते सिरीयल पोर्ट उघडतं कुणी जोडणी केली तेव्हाच. रात्री तीनला कर्नल पॅनिक झालं (लिनक्स कोसळलं) आणि कुणीच जोडलेलं नसेल तर शेवटच्या ओळी हवेत विरतात. कन्सोल सर्व्हर बसवायचा तो त्या ओळींसाठीच, म्हणून मत बदललं. आता त्याच्या जागी कॉन्सर्व्हर हा प्रोग्राम आहे. ते पोर्ट सतत धरून ठेवतं, वेळेसकट लॉग लिहितं, एकाच कन्सोलवर दोघांना बसू देतं. कंट्रोल-ई, सी, आर दाबलं की शेवटच्या २० ओळी पुन्हा दिसतात. कंट्रोल-ई, सी, टिंब म्हणजे बाहेर. लॉग एसडी कार्डावर साठवू नका, दुसऱ्या मशीनवर पाठवा, नाहीतर कार्ड लवकर मरतं.

टेलनेट (कूटबद्ध न केलेली जोडणी) उघडं ठेवू नका. सर-टू-नेट वापरत असाल तर ते लोकलहोस्टला (फक्त पायपुरतं) बांधा आणि पायवर एसएसएचने शिरा. आणि जोडणी तोडली म्हणजे लॉगआउट झालं असं नाही. राउटरवर कुणी एक्झेक-टाइमआउट (आपोआप लॉगआउटची मुदत) शून्य करून ठेवलं असेल तर पुढच्या माणसाला एनेबल मोड (पूर्ण अधिकार) आयता मिळतो. दहा मिनिटांचा मूळ आकडाच बरा.

पाय ज्या स्विचमधून बाहेर जातो तोच बसला तर सगळं मुसळ केरात. म्हणून ४जी डोंगल. मोबाइल सिमला सहसा सार्वजनिक आयपी मिळत नाही, बाहेरून आत येता येत नाही, म्हणून पायनेच बाहेरच्या एखाद्या सर्व्हरकडे वायरगार्ड (व्हीपीएन) उघडून २५ सेकंदांचा कीपअलाइव्ह (जोडणी जागी ठेवणारा संदेश) ठेवायचा.

शेवटी पुन्हा केबलच. सिस्कोचा पासवर्ड विसरल्यावर राउटर चालू करून पहिल्या ६० सेकंदांत ब्रेक (बूट थांबवणारा सिरीयल इशारा) पाठवावा लागतो. कॉन्सर्व्हरमध्ये तो कंट्रोल-ई, सी, एल, ०. पण काही सीएच३४० चिपांना खरा ब्रेक जमतच नाही. लिनक्सचा नवा ड्रायव्हर बॉड एकदम खाली आणून शून्य बाइट पाठवतो आणि काम भागवतो. जुन्या कर्नलवर तेही नाही. अशा वेळी जुनी युक्ती: टर्मिनल १२०० बॉडला लावा, राउटर बंद करून चालू करा, १०-१५ सेकंद स्पेसबार दाबून धरा, मग पुन्हा ९६०० वर या. रॉममॉन (राउटरचा दुरुस्ती मोड) दिसायला हवं. चारातली निदान एक केबल एफटी२३२आरची घ्या आणि ती राउटरलाच लावा.