मासेमारीचं जुनं रील, मिचेल 300, दुरुस्त केलं आणि एक नवीन रीलही घेतलं, आता काही महिने वापरून झाल्यावर

मार्चपासून दोन्ही रील आलटून पालटून वापरतोय त्यामुळे आता नीट सांगता येईल. मी इंग्लंडात स्लाउला राहतो आणि कोर्स फिशिंग करतो, म्हणजे ट्राउट आणि सॅमन सोडून बाकीचे गोड्या पाण्यातले मासे, रोच, ब्रीम, टेंच, पर्च, चब वगैरे, पकडायचे आणि सहसा परत पाण्यात सोडायचे. कधी ग्रँड युनियन कॅनॉलच्या स्लाउ आर्मवर तर कधी विंडसरजवळ थेम्सवर. नदी 15 मार्च ते 15 जून बंद असते, तेवढ्यात रीलचं काम काढलं.

मिचेल 300 कार बूट सेलमध्ये (लोक गाडीच्या डिकीतून जुन्या वस्तू विकतात तो बाजार) 15 पौंडांना मिळालं. फ्रान्समधल्या क्लूझचं हे रील, अंड्यासारखी बॉडी, हँडल डाव्या हाताला (उजवीकडे हवं असेल तर 301 बघा). वर्षानुवर्षं माळ्यावर पडून असणार कारण हँडल फिरता फिरत नव्हतं. पण साइड कव्हर उघडलं तर गिअरचे दात शाबूत होते, नुसतं जुनं ग्रीस सुकून मेणासारखं घट्ट झालेलं. सगळे भाग रॉकेलमध्ये भिजवले, जुन्या टूथब्रशने घासले आणि पातळ ग्रीस अगदी थोडं लावलं. खूप ग्रीस भरू नका, थंडीत तेच घट्ट होतं आणि रील जड फिरतं. स्क्रू काढताना प्रत्येक टप्प्याचा मोबाइलवर फोटो काढत गेलो, जोडताना त्याचा फार उपयोग झाला, कारण आतले वॉशर एकसारखे दिसतात.

बेलची (लाइन स्पूलवर, म्हणजे रिळावर, गुंडाळायला नेणारी तारेची कमान) स्प्रिंग मात्र बदललीच. जुन्या रीलमध्ये ही स्प्रिंग आणि ड्रॅगचे (मासा ओढायला लागला की लाइन ताणाखाली सुटू देणारा ब्रेक) वॉशर झिजणारच, ते धरूनच चालायचं. दोन्ही मिळून खर्च नव्या रीलच्या मानाने किरकोळ, आणि इतक्या जुन्या मॉडेलचे सुटे भाग अजून मिळतात ही माझ्या मते या रीलची सगळ्यात मोठी जमेची बाजू.

आता नवीन रील. कंपनीचं नाव देत नाही, मधल्या किमतीचं 3000 साइजचं आहे. वजनाला हलकं, ड्रॅग लोण्यासारखा, लाइन स्पूलवर फार छान बसते. हँडलच्या एका फेऱ्यात रोटर (स्पूलभोवती फिरून लाइन गुंडाळणारा भाग) पाचच्या आसपास वेळा फिरतो, मिचेलमध्ये चारपेक्षाही कमी, त्यामुळे थेम्सवर लांब फीडर (चारा भरलेला छोटा पिंजरा) टाकून परत ओढायचा असेल तर नवीनच बरं, मिचेलवर हात दुखतो. पण नव्याला अँटी-रिव्हर्सची कळच (हँडल उलटं फिरू द्यायचं की नाही ते ठरवणारी) नाही, हँडल उलटं फिरतच नाही. हल्ली बऱ्याच नव्या रीलवर ही कळ देत नाहीत आणि मला हे अजिबात पटत नाही.

कारण इथली जुनी पद्धत म्हणजे मासा पळायला लागला की ड्रॅगवर न सोडता हँडल उलटं फिरवून लाइन द्यायची, बॅकवाइंडिंग म्हणतात. कॅनॉलवर तीन पौंडी लाइन (म्हणजे तीन पौंडांच्या ताणाला तुटणारी), छोटा फ्लोट (पाण्यावर तरंगून मासा लागल्याचं दाखवणारा), 18 नंबरचा बारीक हुक आणि त्यावर दोन मॅगट (माशीच्या अळ्या), अशा नाजूक सरंजामावर टेंच लागला आणि कमळाच्या पानांकडे निघाला की ड्रॅग सुटायला जो क्षणभराचा झटका लागतो ना, तेवढ्यात हुकाची लाइन जाऊ शकते. मिचेलची मागची अँटी-रिव्हर्सची कळ बंद करून हँडल हातात धरलं की मासा किती ओढतोय ते थेट बोटांना कळतं, तो थांबला की आपण लगेच गोळा करायला लागतो. सांगलीला लहानपणी आम्ही कृष्णेवर नुसत्या तंगूसाला गळ बांधून हातानेच ओढायचो, ती सवय असलेल्याला हे पटकन जमतं असं मला वाटतं.

मिचेलची एक अडचण आहे. त्याचं स्पूल रोटरच्या आत बसतं, त्या काळच्या बऱ्याच रीलची हीच रचना, त्यामुळे बारीक लाइन वाऱ्यात सैल पडली की स्पूलच्या मागे जाऊन दांड्याभोवती गुंडाळते. नव्याचं स्पूल रोटरला बाहेरून झाकतं म्हणून तिथे हा त्रास जवळजवळ नाही. उपाय सोपा आहे, लाइन स्पूलच्या काठापासून दोन मिलिमीटर खाली ठेवा, आणि फ्लोट टाकल्यावर पहिला फेरा फिरवायच्या आधी लाइन बोटाने ताणून घ्या. ब्रेड मात्र त्यावर भरू नका, म्हणजे ब्रेडेड (विणलेली) लाइन म्हणतोय, मोनोच (एकेरी नायलॉन) वापरा.

जुनं रील दुरुस्त करावं की नाही हे दुकानातच तपासता येतं. लाइन टोकाला कुणाला तरी धरायला सांगा आणि ताणावर हँडल फिरवा. मोकळं फिरवताना जाणवणारा जडपणा ग्रीसचा असतो, तो जातो. पण ताणावर दात खरवडल्यासारखे लागले किंवा हँडल आतबाहेर खूप हलत असेल तर मेन गिअर गेलाय, ठेवून द्या, त्यावर पैसे घालू नका. रीलचा पाय (गळकाठीला बसतो तो भाग) वाकलाय का तेही बघा. वरचा रंग उडालाय का ते बघत बसू नका, त्याने काही फरक पडत नाही.

माझं आता ठरलंय, कॅनॉल आणि तळ्यावर फ्लोटसाठी मिचेल, नदीवर फीडरसाठी नवीन, आणि कार्प मोठे असतील तिथेही नवीनच, कारण तिथे मासा इतका लांब आणि जोरात जातो की हँडल उलटं फिरवून पुरत नाही, चांगला ड्रॅग हवाच. मिचेलचं स्पूल मधलं बटण दाबलं की निघतं, म्हणून एक जादा स्पूल शोधतोय, त्यावर दोन पौंडी लाइन भरून हिवाळ्यात रोचसाठी ठेवणार. कुणाला सुटं स्पूल कुठे दिसलं तर जरूर कळवा.